लायका, फेलिसेट आणि पान्हा चोरणारी म्हैस

गेला महिनाभर कराड, विटा, आटपाडी या पट्ट्यातल्या दूधवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मला तो तीनदा आला. एकदा भाच्याकडून, एकदा रतीब घालणाऱ्या पोराकडून आणि एकदा चक्क माझ्या जुन्या विद्यार्थ्याकडून, ज्याला मी दहावीला न्यूटनचे नियम शिकवले होते. तिसरा जरा जास्त लागला.

मेसेजमधले हात जोडलेले आणि लाल दिव्याचे सगळे चित्रविचित्र शिक्के काढून टाकले तर राहतं ते एवढं: 'रशियाने लायका कुत्रीला रॉकेटमधून पाठवलं तेव्हा वेगाने तिचा मेंदू फुटला. फ्रान्सने मांजराच्या मेंदूत तारा घालून सिद्ध केलं की वेग आणि हादरे यांनी जनावराच्या मेंदूतल्या लहरी कायमच्या बंद पडतात. कोयनेच्या भूकंपानंतर पाटण भागातली जनावरं वर्षभर बधिर होती. सुतार पक्ष्याच्या कवटीत देवाने स्पंज दिलाय, मेंढ्याला शिंगं दिलीत, त्यांना काही होत नाही. म्हशीला संरक्षण नाही, म्हणून टेम्पोतून आणलेली म्हैस दूध तोडते. सुतार पक्ष्याच्याच तत्त्वावर बनवलेला कपाळपट्टा...' आणि पुढे किंमत, फोन नंबर, दहा जणांना पाठवायची विनंती.

भाच्याने पट्टा घेतला. अकराशे रुपये. त्याने आटपाडीकडून दुसऱ्या वेताची म्हैस आणली होती, पिकअपमधून, रातोरात. विकणाऱ्याच्या दावणीला ती दोन्ही वेळची मिळून चरवी भरून द्यायची, ते याने उभं राहून पाहिलं होतं. इथे आल्यावर तांब्याभर. पट्टा बांधून दोन दिवस झाले तरी तांब्याभरच. मग फोन आला, "मामा, तुम्ही फिजिक्सचं सर. ह्ये खरं का खोटं तेवढं सांगा."

दोन वाक्यांत सांगता आलं असतं तर फोनवरच सांगितलं असतं. मेसेजमधली नावं खरी आहेत, प्रयोगही झालेले आहेत आणि प्रत्येक खऱ्या गोष्टीच्या शेपटीला एक खोटी बांधलेली आहे. त्यामुळे एकेक गाठ सोडवावी लागते.

'लायकाचा मेंदू वेगाने फुटला'

नाही फुटला. लायका ३ नोव्हेंबर १९५७ रोजी स्पुटनिक-२ मधून गेली. रॉकेट वर चढत असताना तिच्या हृदयाचे ठोके मिनिटाला सुमारे १०३ वरून २४० पर्यंत गेले, श्वास तिप्पट-चौपट झाला. कक्षेत पोचल्यावर ते हळूहळू उतरले. जमिनीवरच्या सरावात उतरायला जेवढा वेळ लागायचा त्याच्या तिप्पट वेळ लागला, पण उतरले. म्हणजे मेसेजवाल्याने ज्या क्षणी मेंदू फोडला, त्याच्यानंतरही कुत्री जिवंत होती आणि सावरत होती. पुढे यानातली उष्णता आवरेना आणि काही तासांत ती तापून मेली. हे सोव्हिएत सरकारने सरळ कधी सांगितलंच नाही. २००२ साली ह्यूस्टनच्या एका परिषदेत दिमित्री मालाशेंकोव्ह या शास्त्रज्ञाने ते उघड केलं. लायकाच्या मरणातून दूधवाल्याने काही घ्यायचंच तर ते हे, की मे महिन्यात ताडपत्रीने चहूबाजूंनी गच्च बांधलेल्या गाडीत जनावर भरू नये.

बेल्का आणि स्त्रेल्का या दोन कुत्र्यांचं नाव मेसेजमध्ये नाही. का नाही ते उघड आहे. त्या १९ ऑगस्ट १९६० ला तसल्याच रॉकेटने कक्षेत गेल्या आणि दुसऱ्या दिवशी धडधाकट खाली आल्या. स्त्रेल्काला पुढे सहा पिल्लं झाली. त्यातलं एक अमेरिकेच्या केनेडी कुटुंबाकडे भेट म्हणून गेलं.

आणि हॅम नावाचा चिंपांझी. ३१ जानेवारी १९६१ ला अमेरिकनांनी त्याला मर्क्युरी यानातून उडवलं. रॉकेटने ठरल्यापेक्षा जास्त जोर दिला आणि परतताना त्याच्या अंगावर त्याच्या वजनाच्या चौदा पटींहून जास्त भार आला. त्याच्यासमोर एक निळा दिवा होता. तो लागला की पाच सेकंदांत दांडा ओढायचा, नाहीतर तळपायाला विजेचा चटका. हॅम दांडा ओढत राहिला. हात जमिनीवरच्यापेक्षा किंचित उशिरा चालला, इतकंच. दिवा बघणं, आठवणं, ठरवणं, हात उचलणं हे सगळं मेंदूचं काम आहे आणि ते चालू होतं.

'वेगाने'

सगळा घोळ या एका शब्दात आहे, म्हणून इथे जरा थांबतो. नववीच्या वर्गात जिथे थांबायचो तिथेच.

वेगाने कुणाच्याही मेंदूला काहीही होत नाही. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर पळते आहे आणि भाच्याची म्हैस तिच्यावर बसून निवांत रवंथ करते आहे. स्वतःभोवती फिरताना पृथ्वी आपल्या अक्षांशावर ताशी जवळजवळ १६०० किलोमीटर सरकते, त्याचंही म्हशीला काही नाही. अंगाला जे कळतं ते त्वरण. वेग किती झपाट्याने वाढला, घटला किंवा वळला, ते. एसटी सुटताना पाठ मागे रेलते आणि कंडक्टरने बेल मारल्यावर आपण पुढच्याच्या खांद्यावर जातो, ते त्वरण. ते मोजायचं माप 'जी'. नुसतं उभं राहिल्यावर पृथ्वी आपल्याला जेवढं ओढते तेवढं म्हणजे १ जी.

आता पिकअपचा हिशोब. ताशी ६० वरून गाडी तीन सेकंदांत थांबवली, तर अर्ध्या जीपेक्षा थोडं जास्त त्वरण होतं. कितीही कचकन ब्रेक मारा, कोरड्या डांबरावर टायरची पकडच साधारण १ जीच्या अलीकडे संपते, त्यापुढे चाक घसरतं. हॅमने चौदाच्या वर सोसून दांडा ओढला. फ्रान्सच्या मांजराने साडेनऊ सोसले. त्यांचे दाखले देऊन विट्याच्या रस्त्यावरच्या अर्ध्या जीला घाबरवणं म्हणजे महापुराचा फोटो दाखवून तांब्यातल्या पाण्यात बुडायची भीती घालणं.

पण ५०० किलोच्या म्हशीला अर्धा जी म्हणजे अडीचशे किलोचा ढकला. फळीवर शेण-मूत सांडलेलं, खाली ना वाळू ना उसाचं पाचट, कासरा लांब सोडलेला, तर ती पडणार. पडली की उठताना पाय मोडणार, शिंग निघणार, सडाला इजा होणार. शेजारी दुसरं जनावर असेल तर ते तिच्यावर उभं राहणार. गाडीतला खरा धोका हा आहे. म्हणूनच वाहतुकीच्या नियमांत गाय-म्हशीला प्रत्येकी २ चौरस मीटर जागा आणि मधे पक्कं विभाजन सांगितलंय. ते किती पिकअपमध्ये दिसतं, हे फाळका उघडून ज्याने त्याने बघावं.

'फ्रान्सने मांजराच्या मेंदूत तारा घालून सिद्ध केलं'

या ओळीचा पहिला अर्धा भाग शब्दशः खरा आहे आणि म्हणूनच ती पटते.

मांजरीचं नाव फेलिसेट. १८ ऑक्टोबर १९६३ ला अल्जेरियाच्या वाळवंटातल्या हमागीर तळावरून व्हेरोनिक रॉकेटने तिला १५० किलोमीटरहून जास्त उंचीवर नेलं. उड्डाण सगळं मिळून तेरा मिनिटांचं, त्यात पाचेक मिनिटं वजनरहित. तिच्या मेंदूत आधीच शस्त्रक्रियेने बारीक तारा बसवल्या होत्या, मेंदूतल्या विद्युत लहरी उड्डाणात नोंदवायला. त्याआधी, १९६१ मध्ये, हेक्टर नावाच्या उंदरावर असाच प्रयोग फ्रेंचांनी केला होता. फेलिसेट पॅराशूटने जिवंत खाली आली. दोनेक महिन्यांनी मेंदू तपासण्यासाठी तिला मारलं आणि त्यातून फारसं काही हाती लागलं नाही. त्या काळातली ही शास्त्राची बाजू मला आजही बोचते, पण तो वेगळा विषय. आपल्या मुद्द्यापुरतं बघायचं तर लहरी 'कायमच्या बंद' पडलेलं जनावर दोन महिने जगत नाही.

'लहरी बदलल्या' आणि 'मेंदू बिघडला' ही दोन वाक्यं मेसेजवाल्याने एकाच दावणीला बांधली. मेंदूच्या लहरी दिवसभर बदलतच असतात. डोळे मिटले की बदलतात. रवंथ करता करता गाय पेंगते तेव्हाही त्या मंदावतात. बदलणं हेच त्यांचं काम आहे.

हादऱ्यांबद्दल सगळ्यात मजेशीर प्रयोग १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात झाले. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात रॉस एडी नावाचे मेंदूशास्त्रज्ञ होते. त्यांच्या गटाने मेंदूत तारा बसवलेल्या माकडांना कंपन-मेजावर आणि गरगर फिरणाऱ्या सेंट्रिफ्यूजवर बसवलं. रॉकेट चढताना जेवढी थरथर आणि जेवढा भार येतो तेवढा द्यायचा आणि मेंदू काय करतो ते बघायचं. मेज थरथरायला लागलं की मेंदूच्या नोंदीत त्या थरथरीशी जुळणारी लय उमटताना दिसली. ढोलताशा सुरू झाल्यावर आपली मान नकळत ठेका धरते, तसं काहीसं.

आता इथे प्रयोग करणाऱ्याचं खरं डोकं लागतं. ही लय मेंदूची, की तारच हलते आहे म्हणून कागदावर तसं उमटतंय? विद्युत मोजणीत तार हलली की खोटा संकेत येतो, हे प्रयोगशाळेत ज्याने गॅल्व्हानोमीटर हाताळलाय त्याला माहीत असतं. ही शंका फेडल्याशिवाय कंपनाच्या कुठल्याही नोंदीचा अर्थ लावता येत नाही. आणि ती लय खरीच मेंदूची धरली, तरी त्याचा अर्थ एवढाच की कान, स्नायू, सांधे यांच्याकडून हादऱ्याची खबर मेंदूला पोचते आणि मेंदू तिला ओ देतो. डोळ्यांसमोर दिवा लुकलुकवला तर मेंदूत त्याच लयीच्या लहरी येतात आणि दिवा विझवला की जातात. डॉक्टर ही तपासणी माणसांवर रोज करतात. त्याने कुणी बधिर होत नाही.

मग जोराच्या त्वरणाने मेंदू कधीच बंद पडत नाही का? पडतो, आणि तो भाग ऐकण्यासारखा आहे.

लढाऊ विमान झपकन वर वळलं की भार डोक्याकडून पायांकडे येतो. रक्तालाही वजन असतंच. हृदयापासून मेंदू साधारण ३० सेंटिमीटर वर, म्हणजे रक्त तिथवर चढवायला साध्या १ जीमध्येच पाऱ्याच्या २२-२३ मिलिमीटरचा दाब खर्ची पडतो. ४ जीला तो चौपट होतो. हृदयाचा सरासरी दाब शंभरच्या आसपास, त्यामुळे चार-पाच जीला मेंदूकडे जाणारी मोटर पाणी उचलेनाशी होते. आपल्या उसाच्या पट्ट्यात हे कुणाला समजावून सांगायला नको. उंच टाकीला पाणी चढेना की आधी वरचा नळ कोरडा पडतो. इथे तो आधी कोरडा पडणारा नळ म्हणजे डोळा, कारण डोळ्याच्या आत स्वतःचा दाब असतो, त्याच्यावर मात करून रक्ताला आत शिरावं लागतं. म्हणून वैमानिकाला प्रथम करडं दिसतं, मग काळं, मग शुद्ध जाते. मेंदूकडे प्राणवायूची शिल्लक पाच-सहा सेकंदांचीच. ती संपली की मेंदूच्या नोंदीत मोठ्या, संथ लहरी येतात आणि मान पडते. भार उतरला की रक्त चढतं आणि अर्ध्या मिनिटाच्या आसपास माणूस पुन्हा ताळ्यावर येतो. बंगळुरूला हवाई दलाच्या वैद्यकीय संस्थेत सेंट्रिफ्यूज आहे, आपले वैमानिक त्यावर सराव करतात आणि परत विमान चालवतात. 'कायमच्या' कुठे आलं यात?

जिराफाचं हृदय मेंदूपासून जवळजवळ दोन मीटर खाली असतं. साध्या १ जीमध्येच त्याला वैमानिकाचा प्रश्न असतो, आणि त्याने तो आपल्या दुपटीएवढा रक्तदाब बाळगून सोडवलाय.

दिशाही महत्त्वाची. हाच भार छातीतून पाठीकडे आला तर रक्ताला चढ चढायचा नसतो. अमेरिकेच्या जॉन स्टॅप नावाच्या हवाई दलातल्या डॉक्टरने १० डिसेंबर १९५४ ला रॉकेट लावलेल्या घसरगाडीवर स्वतःला बांधून घेतलं, ताशी हजार किलोमीटरवर गेला आणि दीड सेकंदाच्या आसपास थांबला. ४६ जी. डोळे लालभडक झाले, काही काळ दिसेना, पण तो त्यानंतर चाळीसहून जास्त वर्षं जगला. म्हणून 'जोराचा हादरा' म्हटल्यावर विचारायचं ते हे: किती जीचा, किती वेळ आणि कुठून कुठे? मेसेजमध्ये यातलं एकही उत्तर नाही.

'मेंदू कवटीवर आपटतो'

हे वाक्य मूळ मेसेजमध्ये नव्हतं, कुणीतरी पुढे ढकलताना जोडलं. तरी यात थोडा जीव आहे.

१९४१ मध्ये ऑक्सफर्डला डेनी-ब्राउन आणि रसेल या दोघांनी मांजरांवर प्रयोग करून दाखवलं की डोकं मोकळं असताना फटका बसला, म्हणजे डोकं झटक्याने हललं, तर शुद्ध जाते. डोकं घट्ट धरून तेवढाच फटका मारला तर सहसा जात नाही. पुढे १९७० च्या दशकात ओमाया आणि जेनारेली यांनी माकडांवर दाखवलं की डोकं सरळ रेषेत झटकलं तर बेशुद्धी येत नाही, मानेवर गर्रकन फिरलं तर येते. मेंदू दह्यासारखा मऊ आहे. भांडं सरळ सरकवलं तर दही फारसं मोडत नाही, गर्रकन फिरवलं तर आतल्या आत कातरतं. पिकअपमध्ये उभ्या म्हशीचं डोकं गर्रकन फिरत नाही. गाडी उलटली तर गोष्ट वेगळी, पण मग दुधाचा प्रश्न दुसरा तिसरा राहतो.

शर्यतीच्या बैलांचं काय, असं एकाने विचारलंच. बैल सुटताना जमिनीला खूर रोवून जेवढं त्वरण मिळवतो ते १ जीच्या आतलंच. त्याला इजा होते ती काठीने, शेपूट पिरगाळण्याने, बॅटरीच्या चटक्याने. शर्यती असाव्यात की नसाव्यात यावर माझं मत आहे, पण ते या लेखात कोंबत नाही. पुसेगावच्या यात्रेत मला परत तोंड दाखवायचंय.

'सुतार पक्ष्याच्या कवटीत स्पंज, मेंढ्याला शिंगं, त्यांना काही होत नाही'

पट्टा विकायला आधार आहे तो या ओळीचा, आणि नेमकी हीच सगळ्यात पोकळ.

सुतार पक्ष्याच्या चोचीला लाकडावर शेकडो जीचा धक्का बसतो, हे खरं. १९७९ साली जलद कॅमेऱ्याने काढलेल्या फिल्मवरून हजारच्या वरचा आकडा निघाला होता. त्यावरून कवटीतल्या स्पंजाची कथा सुरू झाली, हेल्मेटवाल्यांनीही ती उचलली. २०२२ मध्ये बेल्जियममधल्या अँटवर्पच्या संशोधकांनी पक्ष्यांच्या चोचीवर आणि डोळ्याजवळ ठिपके ठेवून जलद कॅमेऱ्याने मोजलं, तर चोच जेवढी थांबते तेवढंच डोकं थांबतं. गादी, स्पंज, शॉकअप, काही नाही. आणि असावं तरी कशाला? सुताराच्या हातोडीला कुणी फोम लावतं का? धक्का मधेच जिरला तर लाकूड फुटणार कसं? पक्षी वाचतो कारण त्याचा मेंदू इवलासा आहे आणि धक्का क्षणभरच टिकतो. मेंदू लहान तसा तो मोठा जी सहन करतो. मेंदू जड झाला की आतला ताण वाढतो. वाटीतलं दही आणि हंड्यातलं दही एकाच झटक्याने फिरवून बघा.

'काही होत नाही' हेही अर्धवटच. २०१८ मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी संग्रहालयात जपलेले सुतार पक्ष्यांचे मेंदू तपासले, तेव्हा बऱ्याच पक्ष्यांच्या मेंदूत टाऊ नावाच्या प्रथिनाचे साठे सापडले. माणसात हे प्रथिन मेंदूच्या इजेशी जोडलं जातं. पक्ष्यात त्याने नुकसान होतं की उलट आधार मिळतो, हा वाद चालू आहे. मेंढ्याबद्दल तर २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या एका गटाने टकरी देणारे रानमेंढे आणि आर्क्टिकमधले मस्क-ऑक्स यांचे मेंदू तपासून वारंवार मार बसल्याच्या खुणा दाखवल्या. तपासलेली जनावरं थोडीच होती, पण खुणा होत्या. टकरी लावणाऱ्या आपल्याकडच्या हौशी लोकांनी 'शिंगं दिलीत' म्हणून निर्धास्त राहू नये.

म्हणजे पट्ट्याचा हिशोब असा झाला: नसलेल्या स्पंजाची नक्कल, वेगळ्या जातीच्या डोक्याला, न झालेल्या इजेवर. भाच्याचा पट्टा मी सोडून पाहिला. रेक्झिनची पट्टी, आत फोम आणि दोन लोहचुंबक. ते माझ्या फ्रिजवरच्या चुंबकापेक्षा कमजोर आहेत.

'कोयनेच्या भूकंपानंतर जनावरं वर्षभर बधिर होती'

ही ओळ वाचली आणि मी लिहायला बसलो.

११ डिसेंबर १९६७, पहाटे सव्वाचारनंतर. मी तेव्हा पाचवीत होतो, पाटण तालुक्यात, आजोळी. थंडी कडाक्याची. आवाज आधी आला की घर आधी हललं, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. कोयनानगरला सुमारे १८० माणसं गेली. धरणाच्या पोटातल्या गॅलरीत त्वरण मोजणारं यंत्र बसवलेलं होतं. त्याच्या नोंदीत सगळ्यात मोठा आकडा ०.६३ जीचा. जगभरच्या अभियंत्यांनी तो आलेख पुढे धरणांच्या हिशोबासाठी वापरला.

०.६३ जी. पिकअपच्या जोरदार ब्रेकएवढं, तेही काही सेकंद. तेवढ्याने दगड-मातीच्या भिंती ढासळल्या, कारण दगड-मातीच्या जोडकामाला आडवा जोर सोसत नाही. मेंदूला तो सोसतो. जी माणसं आणि जनावरं गेली ती भिंतीखाली गेली. आजोबांच्या गोठ्याची मागची भिंत बाहेरच्या बाजूला पडली, म्हणून आमची गाय वाचली. तिने दावं तोडलं होतं आणि ती ओढ्याच्या कडेला उभी राहून थरथरत होती. दिवसभर वैरणीला तोंड लावलं नाही. त्या आठवड्यात जमीन पुन:पुन्हा हलत होती आणि प्रत्येक धक्क्याला ती कान टवकारून दाव्याला हिसडे द्यायची. दूध कमी झालं, आजीने ते वासराला सोडलं. आठ-दहा दिवसांत ती नेहमीसारखी आली. आम्ही माणसंच पुढे कितीतरी महिने अंगणात झोपत होतो. बधिर कुणी असेल तर आम्ही होतो.

'टेम्पोतून आणलेली म्हैस दूध तोडते'

तोडते, हे खरं आहे. भाच्याची म्हैस हा पुरावा माझ्या समोर उभा आहे. पण कारण मेंदूच्या इजेचं नाही.

सड धुतला, हात फिरवला, रेडकू ढुसण्या मारायला लागलं की मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून ऑक्सिटोसिन रक्तात सुटतं. ते कासेत पोचलं की दुधाच्या पिशव्यांभोवतीचे बारीक स्नायू आवळतात आणि दूध खाली येतं. आपण याला पान्हा सोडणं म्हणतो. जनावर घाबरलं की ॲड्रेनालिन सुटतं, ते या सगळ्यावर पाणी फिरवतं. दूध कासेतच असतं, खाली येत नाही. म्हैस पान्हा चोरते. हा शब्द आपल्या बायकांनी कुठल्याही प्रयोगशाळेच्या आधी बनवलाय आणि तो अचूक आहे.

प्रयोगशाळेत हे दाखवलं ते १९४१ मध्ये अमेरिकेतल्या ईली आणि पीटरसन यांनी. गाईला घाबरवायचं कसं? त्यांनी तिच्या पाठीवर मांजर ठेवलं आणि दर दहा सेकंदांनी कागदी पिशवी फुगवून फोडली, दोन मिनिटं. दूध थांबलं. पुढे मांजराची गरज नाही असं ध्यानात आल्यावर त्याला सुट्टी दिली, असं त्यांनी गंभीरपणे लिहून ठेवलंय. शास्त्राच्या इतिहासात मांजरांचे इतके हाल झालेत की हे एक सुटलं याचंच मला बरं वाटतं.

आता भाच्याची म्हैस बघा. रात्रभर गाडीत उभी, पाणी नाही. नवा गोठा, नवा वास, नवी माणसं. तिकडे धार काढायची ती मालकाची बायको, इकडे काढतो हा, तोही मोबाईल खांद्याला लावून. रेडकू तिकडेच राहिलं. आणि कपाळावर अकराशे रुपयांची अनोळखी पट्टी, जी झटकायला ती दर मिनिटाला मान हलवते. गाडीतल्या हादऱ्यापेक्षा या मान हलवण्यानेच तिच्या डोक्याला जास्त त्वरण मिळत असेल.

उलट उदाहरण हवं तर कोल्हापूरला जा. पंढरपुरी म्हशी भर गर्दीतून, रिक्षांच्या हॉर्नमधून चालत कट्ट्यावर येतात आणि गिऱ्हाइकासमोर धार देतात. त्यांना त्या गोंगाटाची सवय आहे, हात ओळखीचा आहे.

भाच्याला सांगितलं ते एवढंच: पट्टा काढ, रोज एकाच वेळी एकाच माणसाने धार काढायची, आधी पाणी आणि आंबोण, घाई करायची नाही, पान्ह्याचं इंजेक्शन अजिबात द्यायचं नाही. जमलं तर विकणाऱ्याकडून रेडकूही घेऊन ये. रेडकू मिळालं नाही, ते आधीच विकलं गेलं होतं. पण वहिनींनी धार हातात घेतली आणि पाचव्या दिवशी चरवी निम्मी भरली. आता पाऊण भरते. राहिलेलं पाव विकणाऱ्याने पेंडीच्या जोरावर दाखवलं होतं, असा माझा संशय आहे.

एवढा वेळ मी या मेसेजवर घालवला त्याला आणखी एक कारण आहे. पलीकडच्या वाडीत एका गड्याची गाय एका अंगाला गोल गोल फिरायला लागली, मान वाकडी करून खांबावर डोकं टेकवून उभी राहायला लागली. त्याने तो 'प्रवासाचा हादरा' धरला, पट्टा बांधला आणि चार दिवस वाट बघितली. गोल फिरणं, मान एकीकडे धरणं, झटके येणं, दिसेनासं होणं, ताप असताना गुंगीत उभं राहणं, ही मेंदूपर्यंत काहीतरी पोचल्याची लक्षणं आहेत. सर्रासारख्या रक्तातल्या परजीवींनी होतात, शिळ्या-बुरशी लागलेल्या मुरघासातून आलेल्या संसर्गाने होतात, मेंढ्यांत कुत्र्याच्या जंतांच्या अळ्या मेंदूत गेल्याने होतात. यातल्या बऱ्याच दुखण्यांत पहिल्या एक-दोन दिवसांत उपचार झाला तर जनावर हाती लागतं. तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर आहेत, शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याची गाय पाचव्या दिवशी तिथे नेली, गाडीतूनच. जाताना खाली पाचट अंथरलं होतं, पाणी पाजलं होतं आणि पट्टा घरी राहिला होता.